दुसऱ्याला सांग

आमचे घरमालक दुपारच्या वेळी घराबाहेर पडले की गल्लीतल्या बायका उंबऱ्यावरून आत सरायच्या. दार कोणी लावत नसे, ते वाईट दिसलं असतं. पण धुणं वाळत घालणारी बाई हातातलं ओलं कापड तसंच धरून उभी राहायची, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला इस्त्री उचलून विटेवर ठेवायचा, आणि सगळे त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत राहायचे. तो आवाज आपल्या दारावरून पुढे गेला की मग ओलं कापड दोरीवर पडायचं. सकाळी मात्र हीच माणसं त्यांच्याशी नळाला पाणी कधी येणार यावर अर्धा अर्धा तास बोलत असत.

बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्याने राहिले. पुण्याहून नोकरीसाठी आले होते. काम कॉम्प्युटरचं, निम्मे दिवस घरूनच. मराठी घरमालक मिळाले म्हणून आई खूश होती. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते, "बेटा, पाण्याची, लाइटची कुछ बी परेशानी असली तर सांगायचं. शरम नक्को." त्यांचे आजोबा परभणीकडची शेती भावावर टाकून निजामाच्या काळात इथे, त्याच्या राजधानीत आले आणि घर इथलंच झालं. मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू.

काका वीज खात्यात मीटर वाचायच्या कामावर होते. उभं आयुष्य लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपण्यात गेलेलं, त्यामुळे मान कायमची थोडी पुढे आलेली. आणि अतिशय घाबरट. पाल दिसली की खोली सोडायचे. लिफ्टमध्ये पाऊल टाकायचे नाहीत. रक्त तपासायला जायचं तर काकू त्यांचा दुसरा हात धरून बसत, तरी एकदा घेरी येऊन पडलेच. "मी भित्रा माणूस आहे," असं ते नव्या माणसाला सांगून टाकायचे, आपण आपलं गाव सांगतो तसं.

आणि या माणसाला मरणाऱ्यांच्या उशाशी जाऊन बसायचं काम लागलं होतं.

मला ते पहिल्या उन्हाळ्यात कळलं. काकूंचं एक पातेलं परत करायला मी खाली गेले होते. तीन वाजून गेले असतील. काका खुर्चीत पेपर वाचत होते. एकदम त्यांनी पेपर मांडीवर ठेवला आणि मान वळवली. आतल्या खोलीतून कोणी हाक मारली की आपण वळवतो, अगदी तशी. आतल्या खोलीत कोणी नव्हतं. मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. काकूंनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुधाखालचा गॅस बंद केला.

"मी नाही," काका छताकडे बघून म्हणाले. "दुसऱ्याला सांग."

पंखा फिरत होता. बाहेर सगळं पांढरं ऊन.

"माझ्याच्यानं होत नाही हो. कितीदा सांगू?" ते पुन्हा म्हणाले. आवाज रडवेला होता, पण त्यात जुन्या साहेबाशी बोलावं तशी सवयही होती. मग ते उठले. लांब बाह्यांचा शर्ट घातला. मनगटाची बटणं लावताना बोटं इतकी थरथरत होती की शेवटचं बटण काकूंनी लावलं. पाण्याची बाटली हातात दिली. ते गेले, आणि काकूंनी गॅस पुन्हा पेटवला.

"बस," त्या मला म्हणाल्या. "आता कळलंच आहे तर नीट ऐकून जा."

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी हे सुरू झालं. दुपारी हाक यायची ती त्यांच्या अगदी लहानपणीच्या नावाने. ते नाव फक्त त्यांची आई घ्यायची, आणि ती काकू घरात येण्याआधीच गेलेली. काकूंनाही ते नाव माहीत नव्हतं, अजून नाही. हाकेमागून एक घर नंबर. बस, तेवढंच. पहिल्यांदा ते गेले ते नुसतं कोण चेष्टा करतंय हे बघायला. घर सापडलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ शेवटच्या घटका मोजत होते. घरच्यांना वाटलं, कुणीतरी जुने ओळखीचे आले. त्यांना आत नेऊन बसवलं. तासाभराने काका घरी आले ते भिंत धरून.

"स्वतःच्या बापाच्या वेळी हे गच्चीवर जाऊन लपले होते," काकू म्हणाल्या. "शोधून खाली आणावं लागलं. त्याला माहीत नसेल का हे? मग ह्यांनाच का?"

'त्याला' म्हणजे कोणाला, हे मी पुढे एकदा काकांनाच विचारलं. ते चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिले.

"नाव सांगितलं नाही बेटा. मी बी विचारलं नाही. आवाज मोठा नसतो. पण तो आला की पंख्याचा आवाज थांबतो. पंखा फिरतच असतो, आवाज तेवढा थांबतो. अशा साहेबाला नाव कोण विचारणार?"

"पण तुम्हालाच का?"

"मला वाटतं, पत्ते माहीत आहेत म्हणून. या शहरातले घर नंबर पोस्टमनला बी सापडत नाहीत. मी सापडवतो." यावर त्यांचा स्वतःचाही फारसा विश्वास दिसला नाही.

त्यांना स्तोत्रं येत नव्हती. संध्याकाळचं शुभं करोति, तेही मध्येच विसरायचं. सुरुवातीला त्यांनी पोथी आणून पाठ करायचा प्रयत्न केला, पण मरणाऱ्याजवळ बसलं की पहिला शब्दच आठवेना. मुसलमानाच्या घरी काय म्हणायचं, ख्रिस्ती असले तर काय, हा आणखी एक घोर. शेवटी त्यांनी ओळखीच्या एका शास्त्रीबुवांना गाठलं. मोठे सज्जन, अधिकारी माणूस. "तुम्हाला सगळं येतं, माझ्याजागी तुम्ही जा," म्हणून एका दुपारी आलेला पत्ता त्यांच्या हातात दिला. शास्त्रीबुवा गेले. विद्यानगरातलं घर, अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी. तिने काकांना जन्मात पाहिलेलं नव्हतं. शास्त्रीबुवा आत शिरल्यावर तिने डोळे उघडले, त्यांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "ते नाही आले?"

शास्त्रीबुवा परत आले, चिठ्ठी काकांच्या हातात दिली आणि दारातूनच म्हणाले, "तुम्ही जा. लवकर जा." त्यानंतर रस्त्यात भेटले की ते काकांना आधी नमस्कार करायचे. काकांना ते फार लागायचं.

मग काका पळाले. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, गच्चीवर टाकी साफ करताना. काकूंना घेऊन ते मुलीकडे नांदेडला जाऊन राहिले. तिथे काही ऐकू आलं नाही. दीड महिना मजेत गेला, वजन वाढलं. पुढे घराची काळजी वाटू लागली म्हणून परत आले. तेव्हा खालच्या मागच्या खोलीत एक निवृत्त लेक्चरर भाड्याने राहत, एकटेच. परत आल्यावर कुलूप काढताना काकांना वास आला.

"दार तोडावं लागलं. पलंगावर होते. आणि पलंगाशी एक खुर्ची ओढून ठेवलेली होती बेटा. उशीकडे तोंड करून. त्यांनीच ओढली असणार, दुसरं कोण होतं? कोणीतरी येऊन बसणार म्हणून. टेबलावर दोन पेले. एक पालथा, एक सुलटा." काकांनी बादली खाली ठेवली. "माझ्याच घरात. मला दहा पायऱ्याही उतरायच्या नव्हत्या. आणि मी नांदेडला आंबे खात बसलो होतो."

त्यानंतर ते कधी पळाले नाहीत. नकार मात्र दर वेळी द्यायचे.

माझा या सगळ्यावर विश्वास होता का? खरं सांगायचं तर नव्हता, आणि पूर्ण अविश्वासही नव्हता. जुनी ओळख, लोकांची चर्चा, यातून त्यांना आधी कळत असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. ती मलकपेठेत मोडली.

त्या दिवशी रिक्षा मिळत नव्हत्या. काका फाटकाशी उभे राहून घामाने निथळत होते. मी म्हटलं, स्कूटरवर सोडते. ते मागे बसून माझ्या खांद्याला इतके घट्ट धरून राहिले की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होते. रेसकोर्सच्या मागच्या बाजूला गल्लीतून गल्ली. "उजवीकडे. आता हिरवं दार." दार उघडलं ते एका तिशीच्या बाईने, डोक्यावरून दुपट्टा, डोळे सुजलेले.

"अम्मा, मेरेकु अंदर आने देते क्या?" काका म्हणाले. "मेरेकु कुछ आता नै. बस, बैठूंगा."

ती बाई बाजूला झाली. "सुबह से पूछ रहे सासूमा," ती म्हणाली. "आए क्या, आए क्या बोलके. हम समझे भाईजान कू पूछ रहे." मग तिने मला विचारलं, "कौन हैं ये?"

मी बाहेरच्या खोलीत बसले. मध्ये पडदा होता, जमिनीपासून वीतभर वर. त्याखालून पलंगाचे पाय दिसत होते आणि काकांचे पाय. ते पाय थरथरत होते. पाऊण तास मी फक्त ते पाय पाहत होते. आत कोणी मोठ्याने काही बोललं नाही. एकदा म्हातारीचं हसणं ऐकू आलं, अगदी स्पष्ट, लहान मुलाच्या वेडेपणाला हसावं तसं. मग हळूहळू त्यांचे पाय थरथरायचे थांबले. त्यानंतर थोड्या वेळाने सून आत गेली आणि तिचा रडण्याचा आवाज आला.

परत येताना काकांनी मला एका गाड्याशी थांबायला लावलं आणि उभ्याउभ्या दोन बशा मिरची भजी खाल्ली. "इतकी भूक लागते," ते मान खाली घालून म्हणाले. "शरम वाटते."

"त्या हसल्या कशाला काका?"

"तिथलं तिथंच राहतं बेटा," ते म्हणाले. तो त्यांचा नियम होता. आतलं बोलणं त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नाही.

आता माझ्या आईचं सांगते.

चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये ती महिनाभर राहायला आली. चौसष्ट वर्षांची, रोज सकाळी चालायला जाणारी. काकूंशी तिची गट्टी जमली होती. त्या दिवशी सकाळपासून तिला पित्त झाल्यासारखं वाटत होतं, म्हणून जेवून बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर पडली होती. मी आत काम करत होते. दार वाजलं.

उघडलं तर काका. लांब बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. हातात पाण्याची बाटली.

मी दार त्यांच्या तोंडावर लावलं आणि कडी घातली.

आई झोपली होती. मी तिच्या नाकापाशी हात धरला, नाडी पाहिली. ती जागी झाली आणि हसली. "काय गं, काय बघतेस?"

"काही नाही. कसं वाटतंय?"

"बरं आहे. जरा जड वाटतंय इथे."

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तिकडून वीस मिनिटं सांगितली. मी आईची फाईल शोधू लागले, चप्पल शोधू लागले. जिन्यात कोणी खोकलं.

"बाहेर कोण बसलंय?" आईने विचारलं.

"कोणी नाही."

"खोकतंय ना कोणीतरी. जिन्यात किती ऊन असतं या वेळी. त्यांना आत घे."

"आई, तू पडून राहा."

"दार उघड," ती म्हणाली. लहानपणी परवचा म्हणून घेताना काढायची तो आवाज. मी कडी काढली. काका पायरीवर बसले होते, चेहरा रडून ओला. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही आलात म्हणून होतंय हे." ते म्हणाले, "मला बी असंच वाटायचं बेटा." आणि आत येऊन दिवाणाशेजारच्या स्टुलावर बसले.

तेवढ्यात फोन वाजला. ॲम्ब्युलन्स सांगितल्या वेळेआधीच गल्लीच्या तोंडाशी आली होती, मध्ये कोणाची तरी गाडी आडवी लावलेली. मी धावत खाली गेले. त्या गाडीचा मालक शोधला, गाडी हलवली, माणसांना घेऊन वर आले. सहा-सात मिनिटं गेली असतील, जास्त नाही. काका आईचा हात हातात घेऊन बसले होते. आई गेली होती.

ती माझी आई होती, आणि शेवटच्या क्षणी तिच्याजवळ ते होते. दिवसकार्य झाल्यावर मी खाली जाऊन विचारलं, ती काय म्हणाली? त्यांनी मान हलवली. मी ओरडले, भांडले, हात जोडले. "तिथलं तिथंच," ते एवढंच म्हणत राहिले आणि काकू मध्ये पडल्या. महिन्याभरात मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. त्यांचा फोन आला तर उचलत नसे.

दोन वर्षांनी काकूंचा फोन आला. "ह्यांना यायचा तो आवाज बंद झालाय गं," त्या म्हणाल्या. "सहा महिने झाले. रोज दुपारी शर्ट घालून बसतात. खायचं बी मन नाही. एकदा येऊन जा."

मी गेले, रागाचं काय करायचं ते न ठरवताच. काका खुर्चीत होते. निम्मे राहिले होते. शर्टाच्या बाह्या हातांना मोठ्या होत होत्या.

"नक्को नक्को म्हणत होतो ना मी," ते म्हणाले. "शेवटी ऐकलं वाटतं. दुसरं कोणी मिळालं असेल, चांगलं. ज्याला काही येतं असं." मग पंख्याकडे बघत राहिले. "मला एकदा सांगायला पाहिजे होतं, की बाबा, तुझं काम झालं. नुसतं गप्प व्हायचं हे बरं नाही. त्या मागच्या खोलीचं पाप अजून भरून निघालं नसेल का बेटा?"

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

मग तेच म्हणाले, "तू विचारत होतीस. आता नोकरीच सुटली, तर नियम कसला?" त्यांनी हात मांडीवर ठेवले. "तुझ्या आईनं मला विचारलं, तुम्हाला भीती वाटते का हो? मी म्हटलं, फार वाटते. ती म्हणाली, मग माझा हात धरा. मी धरला. ती म्हणाली, पोरगी येईपर्यंत रडणं आवरा, तिला घाबरवू नका. आणि अंगठ्यानं माझ्या हातावर असं थोपटत राहिली. थांबली तेव्हा कळलं."

त्यांनी अंगठा हलवून दाखवला. आई मला ताप आला की अगदी तसंच थोपटायची. ते त्यांना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

"सगळे तसंच करायचे," काका म्हणाले. "मलकपेठची म्हातारी तर हसलीच. म्हणाली, इत्ता बड्डा होके डरते? मी कोणाला धीर दिला नाही बेटा. एकालाबी नाही. त्यांनीच मला दिला. मी जाऊन नुसता थरथरत बसायचो, आणि ते आपलं मरण सोडून माझ्याकडे बघायचे. हे लोकांना कसं सांगणार? लोक पाया पडायचे."

मी त्यांचा हात धरून तिथेच बसले. रडून घेतलं. निघताना काकूंनी डबा भरून दिला.

त्यानंतर मी महिन्या-दोन महिन्यांनी जात राहिले. हाक पुन्हा आली नाही. हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. मी कामासाठी बाहेरगावी असताना काकूंचा फोन आला, की काका गेले, दुपारी. मी लगेच निघाले, पण पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मुलगी-जावई नांदेडहून आले होते. काकू आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बोलावून त्यांनी हळू आवाजात सांगितलं, जावयाला ऐकू जाऊ नये म्हणून.

दोन दिवस काका शुद्धीत नव्हते. मुलगी औषध आणायला गेलेली. सव्वातीन वाजता फाटक वाजलं. दारात एक चाळिशीची बाई, तेलुगू असावी, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं. हातात ह्या घराचा नंबर लिहिलेला कागद. कागद फडफडत होता इतका हात कापत होता. ती अर्धं तेलुगू अर्धं हिंदी बोलत म्हणाली, की आंटी, रागावू नका, मला इथे कोणी पाठवलंय ते मला माहीत नाही, आजारी माणसांचं मला बघवत नाही, मी डॉक्टर नाही, कोणी नाही, तुम्ही नको म्हटलंत तर मी जाते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मी तिला आत घेतलं. ती पलंगाशी जाऊन उभी राहिली, बसेचना. आणि ह्यांनी डोळे उघडले गं. दोन दिवसांनी. तिच्याकडे पाहिलं, आणि पाय जरा आत ओढून घेतले. तिला बसायला जागा केली." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "नंतर सगळ्या गडबडीत ती कधी उठून गेली ते कळलंच नाही. चहा बी नाही घेतला. नाव विचारायचं राहूनच गेलं."